केळीच्या झोपडीतला कवी

गाणे शिकविणाऱ्या माणसाने एका जपानी कवीचे चरित्र सांगावयास बसावे, हे वाचकांपैकी काहींना चमत्कारिक वाटेल. पण निमित्त गाण्याचेच आहे. मागल्या महिन्यात वर्गातल्या एका मुलीने मला विचारले की, ख्यालाची बंदिश चार ओळींची. तीत सांगितलेली हकीकतही बहुधा नेहमीचीच. मग एवढ्याशा शब्दांत तासभर गाण्यासारखे असते तरी काय? प्रश्न सरळ होता. उत्तर देताना मला गवयांतला दाखला न आठवता मात्सुओ बाशो आठवला. सतरा अक्षरांच्या कविता करून जो तीनशे वर्षांहून अधिक काळ जगाच्या ध्यानात राहिला, त्याची गोष्ट मी तिला थोडक्यात सांगितली. घरी आल्यावर वाटले, थोडक्यात सांगितल्याने त्याच्या कवितेवर अन्याय झाला नसेल, पण त्याच्या आयुष्यावर झाला. म्हणून आज हा विस्तार.

प्रथम त्या कवितेचे माप सांगितले पाहिजे. आपल्या अनुष्टुभ श्लोकात ३२ अक्षरे असतात. या जपानी कवितेत पाच, सात आणि पाच अशी एकंदर १७. म्हणजे अर्ध्या श्लोकाहून अवघे एक अक्षर अधिक. अक्षर म्हणजे येथे उच्चाराची एक मात्रा समजावी. एवढ्या जागेत ऋतू सुचविणारा शब्द आला पाहिजे, आणि शिवाय एके ठिकाणी बोलणे तोडणारा एक शब्द येतो. त्या तोडीच्या अलीकडे एक चित्र, पलीकडे दुसरे. मधला सांधा कवीने जोडावयाचा नाही. तो वाचकाने मनातल्या मनात जोडावयाचा.

आज या कवितेस हायकू म्हणतात. हे नाव मासाओका शिकी या कवीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केले. बाशोच्या काळी चार-सहा कवी एकत्र बसून साखळीने काव्य रचीत. एकाने १७ अक्षरांचे पहिले कडवे म्हणावे, दुसऱ्याने १४ अक्षरांचे जोडावे, तिसऱ्याने पुन्हा १७ चे, अशी ३६ किंवा १०० कडवी होत. पहिल्या कडव्यास होक्कू म्हणत. गवयाने पहिला षड्ज लावला की जशी सारी मैफल त्यावर बसते, तशी सारी बैठक त्या होक्कूवर बसे. मात्र तो षड्ज पुढल्या गाण्यासाठी असे, त्याचे स्वतःचे असे फारसे मोल नसे. बाशोने ते पहिले कडवे असे घडविले की, पुढे काही जोडले नाही तरी चालावे. त्याच्या हयातभराच्या कामाचे सार एवढेच. मात्र येथवर पोहोचण्यास त्याला काय काय सोडावे लागले, ते पाहण्यासारखे आहे.

बाशोचा जन्म १६४४ साली इगा प्रांतातल्या उएनो या गावी झाला. आपल्याकडे तेव्हा तुकोबा देहूस होते आणि शिवाजीराजे कुमारवयात होते. बाप सामुराई खरा, पण अगदी खालच्या पायरीचा. मुलगा बारा वर्षांचा असतानाच, १६५६ साली, तो वारला. पुढे हा मुलगा तोदो या सरदार घराण्यातील योशितादा या तरुणाच्या पदरी चाकरीस लागला. धनी आणि चाकर यांच्या वयांत जेमतेम दोन वर्षांचे अंतर. दोघांनाही कवितेचा नाद. क्योतोच्या कितामुरा किगिन या नामांकित कवीस दोघांनी गुरू मानले, आणि १६६४ साली एका संग्रहात दोघांचीही कडवी छापून आली. धन्याच्या सावलीत चाकराने आणि चाकराच्या सोबतीत धन्याने कविता करावी, असे ते दिवस होते. १६६६ साली योशितादा ऐन पंचविशीच्या आत वारला आणि ते दिवस संपले.

हा प्रसंग प्रथम वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले होते. माझे वडील दरबारी गवई. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा, त्यामुळे दरबार मी पाहिला नाही. पाहिला तो दरबार संपल्यावरचा माणूस. बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा ते ऐन उमेदीत होते. ज्याच्यासाठी गावयाचे तो ऐकणाराच उठून गेला म्हणजे कलावंताचे काय होते, हे आपल्या जुन्या घरांपैकी कित्येकांना सांगावयास नको. पोटाची सोय कशीबशी लागते. पण आता हे गाणे कोणाला उद्देशून गावयाचे, हा प्रश्न मागे उरतो. बाशोपुढे तो बाविसाव्या वर्षी उभा राहिला.

त्याने चाकरी सोडली. त्याची कडवी इकडच्या तिकडच्या संग्रहांतून येत राहिली, आणि १६७२ साली त्याने स्वतः एक लहानसे पुस्तक सिद्ध केले. त्यात कडव्यांच्या तीस जोड्या लावून कोणते सरस, याचा निवाडा त्याने दिला होता. ते पुस्तक त्याने गावच्या विद्यादेवतेच्या देवळात अर्पण केले. पुढल्या काळातला बाशो ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे पुस्तक पाहून हसू येईल. त्यात रस्त्यावरची चालती गाणी आहेत, त्या वेळची बाजारी बोली आहे, कोट्या आहेत, ऐट आहे. आपल्याकडचा एखादा तयार गळ्याचा पोरगा पहिल्याच बैठकीत तानांचा पाऊस पाडतो, त्यातलाच हा प्रकार. थोडक्यात पुष्कळ सांगणारा हा कवी आरंभी थोडक्यात पुष्कळ चमकणारा होता, हे ध्यानात ठेवलेले बरे.

त्याच वर्षी तो एदो शहरी गेला. एदो म्हणजे आजचे टोकियो, शोगुनाचे ठाणे. तेथे व्यापारी पैसेवाले झाले होते आणि पैशाबरोबर त्यांना कवितेची हौस आली होती. होतकरूंनी कडवी लिहून आणावीत, गुरूने त्यांना गुण द्यावेत आणि दक्षिणा घ्यावी, असा तेथल्या काव्यगुरूंचा चरितार्थ. बाशोनेही तो मार्ग धरला. शिवाय १६७७ पासून तीन-चार वर्षे त्याने शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कामात नोकरी केली. त्या काळात त्याने तोसेई हे टोपणनाव घेतले होते. त्याचा अर्थ हिरवे पीच, म्हणजे न पिकलेले फळ. चीनचा महाकवी ली पो याच्या नावातील अक्षरांचा अर्थ पांढरे प्लम असा होतो; त्याच्यापुढे आपण कच्चेच, अशी ही विनोदी नम्रता. १६८० साली त्याच्या वीस शिष्यांच्या रचनांचा संग्रह निघाला. छत्तिसाव्या वर्षी, आठ वर्षांपूर्वी परका म्हणून आलेल्या या माणसाची शहरात अशी प्रतिष्ठा झाली.

आणि त्याच हिवाळ्यात त्याने शहर सोडले. सुमिदा नदीच्या पैलतीरी फुकागावा नावाची ओसाड वस्ती होती; तेथे एका साध्या झोपडीत तो राहावयास गेला. गुण देऊन पैसे घेण्याचा धंदा त्याने बंद केला. मी स्वतः स्पर्धांना परीक्षक म्हणून बसतो, मुलांच्या गाण्यास गुण देतो आणि मानधनही घेतो. म्हणून या निर्णयाची किंमत मला थोडीफार कळते. गुण देणारा माणूस हळूहळू गुण मिळतील असेच स्वतःही गाऊ लागतो. बाशोला ते जाणवले असावे, असा माझा तर्क आहे.

पुढल्या वसंतात रिका नावाच्या शिष्याने त्याला झोपडीपुढे लावण्यास केळीचे रोप आणून दिले. जपानी भाषेत केळीस बाशो म्हणतात. आपल्याकडे केळ म्हणजे फळ, केळफूल, पान, सारेच उपयोगाचे. सणाचे जेवण केळीच्या पानाशिवाय होत नाही. जपानच्या थंडीत मात्र या झाडास खाण्याजोगे फळ धरत नाही, त्याचे लाकूड कशाच्या उपयोगाचे नाही, आणि रुंद पाने वाऱ्यापावसात चिरून जातात. नेमके याच कारणासाठी कवीला ते झाड आवडले. लोक त्या जागेला केळीची झोपडी म्हणू लागले, आणि अडतिशीला आलेल्या कवीने झाडाचेच नाव स्वतःस घेतले. याच काळात शेजारी राहणाऱ्या बुच्चो या झेन भिक्षूजवळ तो ध्यान शिकला.

झोपडीही टिकली नाही. १६८२ च्या जपानी वर्षाअखेरीस एदोत मोठी आग लागली, तीत ती जळाली. पुढल्या वर्षी गावी आई वारली. त्याला जाता आले नाही. शिष्यांनी वर्गणी काढून पुन्हा झोपडी बांधून दिली. पण एकदा सारे जळताना पाहिलेल्या माणसाला भिंतींचा भरवसा वाटेनासा झाला. १६८४ च्या पावसाळ्याअखेर तो पायी प्रवासास निघाला. वाटेत आपली हाडे उघड्यावर पडतील, या तयारीनेच निघालो, असे त्याने त्या प्रवासाच्या टिपणात सूचित केले आहे, आणि पुस्तकाचे नावही त्यावरूनच पडले.

या प्रवासातले दोन प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. फुजी नदीच्या काठी दोनतीन वर्षांचे एक टाकून दिलेले मूल रडत होते. बाशोने जवळचे खाणे त्याच्यापुढे टाकले आणि तो पुढे गेला. त्यावर त्याने कविता केली आणि झाला प्रकार स्वतःच लिहून ठेवला. दुष्काळाच्या आणि गरिबीच्या त्या काळात असे दृश्य विरळा नव्हते, असे म्हणून काही लोक त्याची बाजू घेतात. मला ती घेववत नाही. पण त्याने ही गोष्ट लपविली नाही. पुस्तकाच्या आरंभीच ठेवली. ज्याने सर्व सोडले तो दुसऱ्याचे ओझे उचलण्यासही मोकळा राहिला नाही, हे सत्य त्याच्या चरित्रातून वगळून चालणार नाही.

दुसरा प्रसंग घरचा. उएनोस पोहोचल्यावर थोरल्या भावाने एक लहानशी पिशवी उघडून त्याच्या हाती आईचे पांढरे केस ठेवले. त्या केसांवर त्याने केलेली कविता १७ अक्षरांत मावली नाही. नेहमीच्या मापाहून ती किंचित लांब झाली. मापाचा एवढा पक्का कवी, पण तेथे त्याने माप ओलांडू दिले. थोडके बोलणे हा त्याचा नेम होता, हट्ट नव्हता.

१६८६ च्या वसंतात त्याच्या झोपडीत शिष्य जमले आणि बेडूक हा विषय घेऊन सर्वांनी कडवी रचली. त्या बैठकीत पहिले मानले गेलेले बाशोचे कडवे आज जगातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध छोटी कविता असेल. ती मी येथे देत नाही. अनुवादांतून ती पुष्कळांनी वाचली आहे. रवींद्रनाथ १९१६ साली जपानला गेले, तेव्हा त्यांनाही तिने थांबविले आणि आपल्या प्रवासवर्णनात त्यांनी ती बंगालीत आणली. मला सांगावयाचे ते तिच्या आवाजाविषयी. जपानी काव्यात बेडूक हजार वर्षे गात आला होता. आपल्याकडे कोकिळा तसा तिकडे बेडूक. त्याचे नाव निघाले की त्याचा सूर आलाच पाहिजे. बाशोचा बेडूक गातच नाही. तो पाण्यात उडी घेतो, आणि ऐकू येतो तो फक्त पाण्याचा आवाज. परंपरेने दिलेले सारे गाणे त्याने काढून टाकले आणि एकच नाद ठेवला. तो विरल्यावर तळ्याची जी शांतता ऐकू येते, ती आवाजापूर्वीही होतीच; पण ती कोणाच्या कानावर येत नव्हती. मी पुष्कळ वर्षे मुलांना सांगत आलो की, सम आल्यावर लगेच तोंड उघडू नका. ते का, हे मला स्वतःला या बेडकाने शिकविले.

बाशोचा सर्वांत मोठा प्रवास १६८९ सालचा. निघण्यापूर्वी त्याने झोपडी दुसऱ्याच्या हवाली केली, म्हणजे परतण्याची जागाही ठेवली नाही. सोरा नावाचा शिष्य सोबत होता. १६ मे रोजी ते निघाले, आणि उत्तरेच्या दुर्गम प्रांतांतून, मग पश्चिम किनाऱ्याने, सुमारे २४०० किलोमीटर हिंडून पाच महिन्यांच्या आसपास ओगाकी या गावी पोहोचले. त्याच १६८९ साली इकडे संभाजीराजांचा वध झाला होता, रायगड पडला होता आणि राजाराममहाराज जिंजीच्या वाटेला लागले होते. जपानात लढाया थांबून दोन पिढ्या झाल्या होत्या. म्हणून बाशोला रणांगणे पाहावयास मिळाली ती गवत उगवलेली. हिराइझुमी येथे बरोबर पाचशे वर्षांपूर्वी, ११८९ साली, योशित्सुने हा वीर मारला गेला होता आणि फुजिवारा घराण्याचे वैभव धुळीस मिळाले होते. तेथे बाशो टोपी खाली ठेवून, वेळेचे भान विसरून रडत बसला. नंतर त्याने केलेल्या कवितेत राजवाडा नाही, लढाई नाही. उन्हाळ्याचे गवत आहे. ज्यांच्या घरी जुन्या सनदा आणि पडक्या वाड्यांच्या आठवणी आहेत, त्यांना त्या गवतात काय आहे ते समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याच वाटेवर मात्सुशिमा लागले. जपानातल्या अत्यंत रमणीय मानलेल्या तीन स्थळांत या बेटांच्या उपसागराची गणना होते. ते पाहावे म्हणून बाशो कित्येक महिने झुरत होता. पण प्रवासाच्या पुस्तकात या ठिकाणी त्याची एकही कविता नाही. आहे ती सोराची. आपल्याला झोप येईना, एवढे सांगून तो थांबतो. लोकांना हे रुचले नाही, म्हणून पुढे कोणी दुसऱ्याचीच एक उद्गारांनी भरलेली कविता त्याच्या नावावर खपविली, आणि पुष्कळांना ती बाशोची वाटते. मोठा कलावंत गप्प राहिला हे लोकांना सहन होत नाही; त्याच्या नावाने तेच बोलू लागतात.

हा प्रवास पाच महिन्यांचा, पण त्याचे पुस्तक लिहिण्यास त्याने जवळजवळ पाच वर्षे घेतली. पुस्तक तर अगदी लहान. एका बैठकीत वाचून होईल एवढे. सोराने वाटेत लिहिलेली रोजनिशी १९४३ साली छापली गेली, तेव्हा दोन्ही ताडून पाहता आली आणि बाशोने कोठे काय बदलले ते उघड झाले. एका डोंगरावरील देवळात रातकिड्यांच्या जातीच्या किड्यांचा आवाज ऐकून त्याने केलेली कविता पाहावी. पहिल्या खर्ड्यात त्या देवळाचा उल्लेख होता. पुढल्या रूपात देवळाच्या जागी एकाकीपणा आला. शेवटच्या रूपात एकाकीपणही गेले आणि निःशब्दता उरली. किड्यांचा आवाज आणि खडक यांचे नाते सांगणारे क्रियापदही त्याने दोनदा बदलले. म्हणजे प्रथम स्थळ गेले, मग स्वतःची भावना गेली. १७ अक्षरांसाठी एवढी झीज. सुचले आणि लिहिले, असे त्याच्या छोट्या कवितांविषयी ज्यांना वाटते त्यांनी हे खर्डे पाहावेत.

कानाझावा येथे इश्शो नावाच्या तरुण कवीची भेट घ्यावी असे त्याच्या मनात होते. तेथे गेल्यावर कळले की इश्शो आदल्या वर्षीच वारला. यामानाका येथे सोरा आजारी पडला आणि पुढे निघून गेला. अखेरची वाट बाशोने दुसऱ्यांच्या सोबतीने उरकली आणि ओगाकीला शिष्यांनी मेलेला माणूस परत आल्यासारखे त्याचे स्वागत केले. थोड्याच दिवसांत तो पुन्हा निघाला.

पुढली दोन वर्षे बिवा सरोवराच्या काठी आणि क्योतोच्या परिसरात गेली. क्योराई आणि बोन्चो या शिष्यांनी त्याच्या देखरेखीखाली तयार केलेला संग्रह १६९१ साली प्रसिद्ध झाला, तो या संप्रदायाचे शिखर समजला जातो. मग बाशो एदोला परतला. पुन्हा नवी झोपडी, पुन्हा अंगणात केळ. पण १६९३ साली, ज्याला त्याने घरात ठेवून सांभाळले होते तो तोइन नावाचा पुतण्या क्षयाने वारला. त्याच वर्षी महिनाभर बाशोने दार लावून घेतले आणि कोणास भेटला नाही.

दार उघडल्यावर तो शिष्यांना एकच गोष्ट सांगू लागला, ती म्हणजे हलकेपणा. तळाची वाळू दिसावी अशा उथळ झऱ्यासारखी कविता असावी, रोजच्या जगण्यातली असावी, तीत जडपणा नसावा. आयुष्यभर जे खोल म्हणून मिळविले तेही आता खाली ठेवण्याचा हा विचार होता. जुन्या शिष्यांपैकी काहींना तो पटला नाही. त्यांना त्यांचा जुना गंभीर गुरू हवा होता. गवयांच्या घराण्यांतही हे घडते; गुरू पुढे जातो आणि शिष्य त्याच्या चाळिशीतले गाणे जपत बसतात.

१६९४ च्या उन्हाळ्यात तो पुन्हा बाहेर पडला. ओसाकात दोन शिष्यांचे भांडण होते, ते मिटवावे म्हणून गेला आणि तेथेच पोटाच्या विकाराने अंथरूण धरले. शिष्य गोळा झाले. मरणसमयी कवीने एक अखेरची कविता सांगावी, असा तिकडे रिवाज होता. तशी वेगळी कविता करण्यास त्याने नकार दिला. आपली प्रत्येक कविता तशीच होती असे त्याचे म्हणणे होते, असे शिष्यांनी नोंदविले आहे. तरीही एका रात्री त्याने प्रवासात आजारी पडलेल्या माणसाच्या स्वप्नांविषयी एक कडवे लिहवून घेतले. त्यानंतरही मन स्वस्थ नव्हते. उन्हाळ्यात केलेले एक कडवे नुकत्याच केलेल्या दुसऱ्याशी फार जुळते, हे त्याला आठवले. म्हणून त्याने ते बदलले आणि जुना कागद फाडून टाकावयास सांगितले. २८ नोव्हेंबर १६९४ रोजी, पन्नासाव्या वर्षी, तो वारला. त्याच्याच इच्छेप्रमाणे त्याचा देह नदीतून नावेने नेऊन ओत्सू येथील गिचूजी देवळात, किसो योशिनाका या जुन्या वीराच्या समाधीशेजारी पुरण्यात आला. उत्तरेच्या प्रवासाचे पुस्तक १७०२ साली, त्याच्या पश्चात छापले गेले.

त्याचे म्हणून खात्रीने मानले जाणारे होक्कू सुमारे एक हजार आहेत. एवढे सारे या दैनिकाच्या दोनतीन पानांत सहज मावेल. मराठीत हायकू रुजविण्याचे काम शिरीष पै यांनी केले, आणि आज आपल्याकडे तो प्रकार हौसेने लिहिला जातो. तो लिहिणाऱ्यांना एका गवयाच्या मुलाने काय सांगावे? पण ओळी थोड्या असल्या म्हणजे काम थोडे, असा समज बाशोचे आयुष्य वाचल्यावर टिकत नाही. त्याने प्रथम प्रतिष्ठा सोडली, मग घर सोडले, मग कोट्या सोडल्या, मग स्वतःचे दुःखही कवितेबाहेर ठेवले. जे उरले ते १७ अक्षरांचे होते. अक्षरे मोजून ते साधले नाही.

भूप आणि देसकार या दोन रागांचे स्वर तेच पाच. गंधारावर विसावलात तर भूप, धैवतावर जोर दिलात तर देसकार. हे पुस्तकातून एका मिनिटात कळते, आणि गळ्यातून उमटावयास वर्षे लागतात. माझ्या वडिलांचा दम अखेरीस फार कमी झाला होता. संध्याकाळी तंबोरा लावून ते भूपाचे चारच स्वर घेत आणि थांबत. ऐकणारा असे तो मी एकटा. त्या वयात मला वाटे, दरबार गाजविलेल्या माणसाजवळ आता एवढेच उरले. मी मनातल्या मनात त्यांची कीव करी आणि त्यांच्या जुन्या ताना आठवून पुढला आलाप स्वतः पुरा करी. त्यांना तो तसाच माझ्याकडून पुरा व्हावयास हवा होता, हे माझ्या ध्यानात आले तेव्हा ते नव्हते.

त्या मुलीला मी एवढे सारे सांगितले नाही. बंदिशीच्या पहिल्या ओळीपुढे ती थोडी थांबू लागली आहे. सध्या तेवढे पुरे.